ॲम्बेसिडरचं हेड घेऊन कलबुर्गीला

शहाबादी फरशी माहीत नाही असं मराठी घर सापडणं कठीण. ओट्याखाली, न्हाणीघरात, अंगणात, कुठे ना कुठे ती असतेच. पण शहाबाद हे गाव कलबुर्गी जिल्ह्यात, सोलापूर–वाडी रेल्वेमार्गावर आहे, हे आपल्या पिढीत किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे. हा सगळा चुनखडीचा मुलूख. फरशी इथली, वाडी-सेडमचे सिमेंट कारखाने याच दगडावर उभे, आणि बोअरचं पाणीही याच दगडातून येतं. जड पाणी, भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरणारं. माझ्या मामांची बँकेतली बरीच वर्षं वाडी-शहाबादकडे गेली आणि त्यांच्या ॲम्बेसिडरचा रेडिएटर तेवढी वर्षं हेच पाणी प्यायला.

गाडी मार्क 4, पेट्रोलवरची, 1489 सीसीची. निवृत्तीनंतर मामा बिदरला नौबादकडे राहायला आले, गाडीही आली. गेल्या डिसेंबरात मी हैदराबादहून गेले तेव्हा ती चढावर धापा टाकत होती आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरत होती. इंजिन ‘मिसिंग’ करतंय, हे मेकॅनिक नसलेल्यालाही कळावं. घरात दोन पक्ष पडले होते. मामेभाऊ म्हणत होता, भंगारात द्या, आता कोण वापरतं. मामा काहीच बोलत नव्हते. आणि आजी एकच विचारत होती, “येळवसला शेतात कशात जायचं?”

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या. लातूर, धाराशिव, बिदर, कलबुर्गी या पट्ट्यात त्या दिवशी गावं ओस पडतात, सगळे शेतात. ज्वारीत कोप करायची, पांडव मांडायचे, पूजा करायची आणि मग भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना मला हा सण दर वेळी नव्याने समजावून सांगावा लागतो. आमचं शेत भालकीच्या पुढे. आजीचे गुडघे गेलेत. हल्लीच्या छोट्या गाडीत तिला अक्षरशः घडी घालून बसवावं लागतं, तर ॲम्बेसिडरचं दार रुंद आणि सीट उंच, ती नुसती मागे टेकते आणि बसते. तेव्हा भंगाराचा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता.

नौबादच्या मिस्त्रींनी चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजलं. तीन ठिकाणी 120 पाउंडांच्या आसपास, चौथ्यात जेमतेम 70. टॅपेटची फट बघितली तर काही ठिकाणी उरलीच नव्हती. “हेड उतरवावं लागतंय,” ते म्हणाले.

मी बी.ई. मेकॅनिकल. पोटापाण्यासाठी कोड लिहिते, पण त्या दोन दिवसांत इंजिनीअरिंगच्या चार वर्षांपेक्षा जास्त शिकले. सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. त्यात व्हॉल्व्ह असतात. ते हवा-पेट्रोल आत घेतात, जळालेला वायू बाहेर सोडतात आणि मधल्या काळात घट्ट मिटतात. जिथे मिटतात ती गोल कड म्हणजे सीट. ॲम्बेसिडरचं हेड बिडाचं आणि सीट त्याच बिडात कापलेली, वेगळी कडी नाही. पूर्वी हे चालायचं, कारण पेट्रोलमध्ये शिसं असायचं. इंजिनाचा ठोका कमी करायला ते घालत, पण त्याचा बारीक थर सीटवर बसून आयतंच गादीचं काम करायचा. शिसं विषारी, मुलांच्या मेंदूला घातक, म्हणून ते काढलं आणि ते योग्यच झालं. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. गादी गेली. तापलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह दर मिनिटाला शेकडो वेळा नुसत्या बिडावर आपटू लागला. सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये आत आत बसतो, त्याची दांडी वर सरकते आणि टॅपेटची फट संपते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. फटीतून आग निसटते आणि व्हॉल्व्हची कड जळते.

मग इतकी वर्षं ही गाडी चालली कशी? मामांच्या चालवण्यामुळे. चाळीस-पन्नासच्या वेगाने, बँक ते घर. अशा वापरात झीज फार सावकाश होते. पण सोलापूर–हैदराबाद रस्ता चौपदरी झाला आणि मामा सोलापूरच्या लग्नांना ऐंशीने जाऊ लागले. सतत जास्त फेरे आणि जास्त उष्णता, त्यात पाण्याच्या वाटा शहाबादच्या क्षाराने अर्ध्या बुजलेल्या. हेड उलटं केलं तेव्हा त्या वाटांतून मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरने पांढऱ्या खपल्या काढल्या. मामा त्या हातात घेऊन बघत राहिले. “फरशीच की ही,” म्हणाले.

नवं हेड घ्यावं का? उत्तरपाड्याचा कारखाना 2014 मध्ये बंद झाला. भंगारातून हेड मिळतं, पण त्याच्याही सीट तशाच झिजलेल्या असणार. खरा उपाय एकच: झिजलेली जागा कोरून तिथे कठीण धातूची कडी ठोकून बसवायची. बिदरला हेडचं फेसिंग होतं, पण या कामासाठी मिस्त्रींनी कलबुर्गीच्या एका जुन्या लेथवाल्याचं नाव काढलं. मामांनी रेल्वेने जाऊ असं सुचवलं (2017 मध्ये बिदर–कलबुर्गी गाडी सुरू झाल्यापासून ते प्रत्येक कामाला रेल्वे सुचवतात), पण बिडाचं ते धूड उचलून फलाट कोण ओलांडणार? गोणपाटात गुंडाळून माझ्या गाडीच्या डिकीत ठेवलं आणि निघालो.

हा रस्ता मला फार आवडतो. बिदरचं पठार तांबड्या जांभ्या दगडाचं, किल्ल्याचा खंदकही त्याच दगडात खोदलेला. जांभा पाणी मुरवतो, खालचा काळा कातळ ते अडवतो आणि दोन्हींच्या सांध्यात पाणी साठतं. नौबादची करेझ, म्हणजे बहमनी काळातला जमिनीखालचा पाण्याचा बोगदा, याच पाण्यावर चालायची. हुमनाबादला माणिकनगरला माणिकप्रभूंचं दर्शन घेतलं. तिथून पुढे कमलापूरकडे येता येता पठार संपतं, माती काळी होते आणि दोन्ही बाजूंना तूर लागते. काही शेतांत काढणी होऊन ढीग लागले होते. कमलापूरला लाल केळी घेतली. पाट्या कन्नडमध्ये, केळीवाल्या आजी मराठीत, आणि भाव सांगताना त्या एकदम दखनीत शिरल्या. 1956 साली जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे, भालकी, औराद, हुमनाबाद इकडे, जहीराबाद आंध्रात. आमची मावशी उदगीरला, मामा बिदरला. नकाशाने जे तोडलं ते बोलण्यात अजून तुटलेलं नाही.

लेथवाले चाचा सत्तरीचे असावेत. त्यांनी आधी हेडला रॉकेल लावलं, पुसून कोरडं केलं आणि वर खडूची पूड शिंपडली. कुठे तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं. रेघ नव्हती. मग सरळपट्टी आडवी-तिडवी ठेवून खाली पातळ गेज सरकवून बघितला. हेड वाकलेलं नव्हतं, किंचित फेसिंग पुरे होतं.

अडचण सीटमध्ये निघाली. पूर्वी दोनदा कुणीतरी त्या नव्याने कापल्या होत्या. प्रत्येक कापणीला जागा खोल जाते, आणि सीटच्या मागे लगेच पाण्याची वाट असते. कडीसाठी अजून कोरलं आणि पत्रा फुटला, तर हेड कायमचं गेलं. चाचांनी फळीवरून एक वस्तू काढली: ॲम्बेसिडरचंच एक भंगार हेड, करवतीने मधोमध कापलेलं. आतल्या भिंती उघड्या. कुठे किती जाडी आहे ते त्यावर मोजायचं, मग आपल्या हेडची खोली मोजायची आणि वजाबाकी करायची. माझ्या कुठल्याही पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तो तुकडा स्पष्ट होता. त्यांनी दोनदा मोजलं, मामांकडे बघितलं आणि विचारलं, “फूट गया तो?”

मामा लगेच बोलले नाहीत. मग म्हणाले, “तर दुसरं शोधू. तुम्ही करा.”

“दूसरा नक्को,” चाचा म्हणाले, “येच अच्छा है. पुराना लोहा है.” दखनीतला हा ‘नक्को’ आपल्या ‘नको’चाच सख्खा भाऊ.

कोरायच्या आधी त्यांनी व्हॉल्व्ह गाइड बदलले, कारण कटर गाइडच्याच आधाराने फिरतो. गाइड ढिला तर सीट तिरकी. मग चार एक्झॉस्ट जागा एकेक करून कोरल्या. शेवटच्या दोन फेऱ्यांना मशीन थांबवून हातानेच फिरवलं. पत्रा टिकला. कड्या जागेपेक्षा केसभर मोठ्या असतात. त्या फ्रिजरमध्ये गार करून आकसवायच्या, हेड तापवून जागा फुलवायची आणि काही क्षणांत ठोकून बसवायच्या. एकदा दोन्ही सारख्या तापमानाला आलं की कडी हलत नाही.

त्याआधी हेड कॉस्टिकच्या गरम पाण्यात टाकलं होतं आणि तेव्हाच्या वेळात आम्ही कलबुर्गीचा किल्ला बघून आलो. तिथली जामा मशीद 1367 ची. मोकळं अंगण नाही, सगळंच घुमटांखाली झाकलेलं. मामांना मात्र कड्या कधी बसतात याचीच घाई.

परत आल्यावर कड्या बसवणं आणि सीट कापणं झालं. मग व्हॉल्व्हला पेस्ट लावून तळहातांत काठी फिरवत घासणं. हे काम पोरगा करत होता. पंधरा मिनिटांनी मी म्हटलं, मी करू का? “करो अक्का,” म्हणाला. राखाडी, एकसारखी, अखंड गोल रेघ येईपर्यंत घासायचं. शेवटी पोर्टमध्ये पेट्रोल ओतून ठेवलं. सीटखालून थेंबही आला नाही. सगळ्याचं बिल नव्या टायरच्या जोडीपेक्षा कमी झालं.

दुसऱ्या दिवशी नौबादला हेड बसलं, नवं गॅस्केट घालून. नट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, टॉर्कच्या पान्याने आवळले. कॉम्प्रेशन चारही ठिकाणी सव्वाशेच्या आसपास आलं. मिस्त्रींनी बजावलं की रेडिएटरमध्ये यापुढे बोअरचं पाणी घालायचं नाही, कूलंटच. आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे, तेव्हा इंधनाचे जुने रबरी पाइपही बदला. तेही बदलले.

येळवसला आजी मागच्या सीटवर, मांडीवर आंबिलाचं मडकं. भालकीच्या चढाला मामांनी गिअर बदलला नाही आणि ते आरशातून माझ्याकडे बघत होते. मामेभाऊ पुढे बसून फोटो काढत होता. पाचशे किलोमीटर झाले की हेडचे नट परत आवळायचे आणि टॅपेट पुन्हा मोजायचे आहेत. मामांनी त्या दिवशीचा आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवलाय.