सात-बाऱ्यावरचं नाव

वाचकहो, 2023 साली मी एक खोटं बोललो, तेही दूध डेअरीवर चारचौघांत. आज ते तुमच्यापुढं कबूल करतो. कारण तुमच्याही घरचं एखादं लेकरू दूर कुठं तरी शिकत असेल.

आमची थोरली लेक मुंबईत एम.बी.बी.एस. झाली आणि पुढं इंग्लंडला गेली. 2018 पासून ती तिथं लहान मुलांच्या आजारांचं वरचं शिक्षण घेते. हे शिक्षण म्हणजे नुसतं वर्गात बसणं नव्हे. सरकारी दवाखान्यात पगारी नोकरी करायची, ठरावीक काळानं दवाखाना बदलायचा, असं सात-आठ वर्षं चालतं. मग कुठं तज्ज्ञ म्हणून नाव लागतं.

2023 च्या संक्रांतीला तिच्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. लेक रजा काढून दोन आठवडे राहून गेली. सप्टेंबरात ती पुन्हा आली, दोन मोठ्या बॅगा घेऊन. म्हणाली, “अप्पा, आता वर्षभर आहे मी.”

डेअरीवर लगेच चौकशी झाली, “डॉक्टरीणबाई परत कधी जाणार?” मी म्हणालो, “महिन्याभराची रजा आहे.” महिना सरला, दिवाळी झाली. मग कुणी म्हणालं, नापास झाली असेल. कुणी म्हणालं, काढून टाकलं असेल. मी गप्प राहिलो. खरं सांगतो, माझ्याही मनात तीच पाल चुकचुकत होती. एवढी चांगली जागा सोडून वर्षभर कोण घरी बसतं?

ही कुजबुज लेकीच्या कानावर गेली. संध्याकाळी ती आईच्या लुळ्या मुठीत कणकेचा गोळा देऊन बोटं चालवायला शिकवत होती. मान वर न करता म्हणाली, “अप्पा, मी पळून आले नाही. विचारून आलेय.”

मग तिनं सगळं समजावून सांगितलं. तिकडं या शिक्षणातून मंजुरी घेऊन काही काळ बाहेर पडता येतं. कुणी संशोधनासाठी जातं, कुणी दुसरीकडचा अनुभव घ्यायला जातं, कुणी घरच्या आजारपणासाठी. त्याला ‘आउट ऑफ प्रोग्रॅम’ म्हणतात. आधी आपल्या शिक्षकांशी बोलायचं, कारण लिहून अर्ज द्यायचा आणि त्या विभागाच्या वैद्यकीय शिक्षणप्रमुखांची मंजुरी घ्यायची. दवाखान्यालाही काही महिने आधी कळवायचं, म्हणजे रोग्यांची आबाळ होत नाही. म्हणूनच ती संक्रांतीला न थांबता सप्टेंबरात आली होती.

फुकट काहीच नसतं. घरासाठी घेतलेल्या या वर्षाचा पगार नाही आणि हे वर्ष शिक्षणात धरत नाहीत. म्हणजे तज्ज्ञ व्हायलाही वर्षभर उशीर. शिवाय नोकरीच्या व्हिसावर असलेल्या माणसानं चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी रजा घेतली, तर काही कारणं वगळता व्हिसाच अडचणीत येतो. तिला कायम राहण्याचा परवाना मिळालेला होता, म्हणून हे जमलं.

मी विचारलं, “आणि तुझी जागा दुसऱ्याला दिली तर?”

“माझा शिक्षणाचा नंबर माझ्याच नावावर आहे, अप्पा. परत गेले की तिथूनच पुढं.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. 2012 च्या दुष्काळात आमचं माळाचं रान पेरलंच नव्हतं. तलाठ्यानं पिकाच्या रकान्यात ‘पड’ अशी नोंद केली. पण सात-बाऱ्यावर नाव माझंच होतं ना? रान पड ठेवलं म्हणून कुणी मला भूमिहीन म्हटलं नाही. मग माझ्या लेकीला नापास का म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी डेअरीवर कॅन खाली ठेवला आणि सांगितलं, “पोरगी आईसाठी आली आहे, वर्षाची मंजुरी घेऊन. महिन्याची रजा म्हणालो, ते खोटं होतं.” क्षणभर कुणी बोललं नाही. मग एक म्हातारबाबा म्हणाले, “आरं, मग हे आधी सांगायचं की!”

होळीच्या सुमाराला तिच्या आईच्या तोंडून पहिला शब्द फुटला, “चहा.” आता ती काठी टेकत गोठ्यापर्यंत जाते. उजवा हात मात्र आला नाही, तो येईल असं वाटतही नाही. 2024 च्या सप्टेंबरात लेक परत गेली. एवढ्या खंडानंतर तिला एकदम एकटीला रात्रपाळी दिली नाही. सुरुवातीला जोडीला अनुभवी डॉक्टर देऊन हात बसू दिला.

मंडळी, आपलं लेकरू थोडं थांबतो म्हणालं, तर आधी तीनच गोष्टी विचारा. रीतसर मंजुरी घेतली आहे का? जागा शाबूत राहते का? परत कधी जायचं? आपल्याकडचे नियम वेगळे आहेत, तेव्हा कॉलेजात नीट चौकशी केल्याशिवाय पाऊल उचलू देऊ नका. न विचारता सोडून येणं आणि विचारून थांबणं, यांत फार फरक आहे. तो फरक आपणच ओळखला नाही, तर गावानं काय ओळखावा?

मला तो ओळखायला दोन महिने लागले. तेवढे दिवस माझी लेक स्वतःच्याच घरात मान खाली घालून वावरली. त्याची खंत अजून जात नाही.