ताणावर सोडलेली बाग

नागपूरहून छिंदवाड्याच्या रस्त्याला लागावे, सावनेर मागे टाकावे; थोड्याच वेळात महाराष्ट्राची सीमा संपते. भाषेची सीमा मात्र लागत नाही. दुकानांच्या पाट्या हिंदीत आणि पाट्यांखालचे बोलणे मराठीत, असे आमचे सौंसर. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. २०२३ पासून पांढुर्णा हा आमचा जिल्हा. जामसावळीच्या पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला दूरदूरचे भाविक येतात. पण या मुलखाचे वैभव पाहायचे तर संत्र्याच्या बागांतच शिरावे.

ऐन हिवाळ्यात आलेल्या पाहुण्याला या बागा पाहून वाईट वाटेल. पाने मलूल, माती भेगाळलेली, आणि विहिरीत पाणी असूनही मालक ते देत नाही! ही हयगय नव्हे. आंबिया बहार धरण्यासाठी पाणी तोडून बाग ताणावर सोडलेली असते. हलक्या जमिनीला ताण थोडा, भारी काळ्या जमिनीला अधिक. कमी पडला तर झाड फुलत नाही. फाजील झाला तर पाने गळून झाडच खचते.

माझा एक जुना विद्यार्थी बंगळूरला सॉफ्टवेअर अभियंता आहे. अंतराळयानांचे सिम्युलेटर, म्हणजे प्रतिरूप यंत्रणा, तयार करणे हे त्याचे काम. यानाची गती, इंधन, उंची यांची गणिताने काढलेली मापे ही यंत्रणा यानाच्या संगणकाला पुरविते. आपण मेजावर आहोत की चंद्राच्या कक्षेत, हे त्या संगणकाला कळतच नाही. मग मुद्दाम संकटे आणायची : इंजिनाने अधिक जोर धरला, एखादे मापक आंधळे झाले, तर काय? गेल्या हिवाळ्यात तो घरी आला असता वडिलांनी विचारले, "म्हणजे खोटं यान? अन् त्याचा पगार भेटते?" तो हसून म्हणाला, "बाबा, तुम्ही बागेले ताण कायले देता?" वडील निरुत्तर झाले, मीही विचारात पडलो.

हा ताण किती मोलाचा असतो, याची साक्ष इतिहास देतो. १९६९ च्या जुलैच्या आरंभी ह्यूस्टन येथे चंद्रावतरणाचा सराव चालू होता. सराव घेणाऱ्यांनी संगणकाची एक अपरिचित धोक्याची सूचना मुद्दाम उपस्थित केली. नियंत्रकांनी अवतरण रद्द केले; ते अनावश्यक होते, असे मागाहून ठरले. तेव्हा चोवीस वर्षांच्या जॅक गार्मनने अशा सर्व सूचनांची यादी करून ठेवली. २० जुलैला अपोलो ११ खरोखर उतरत असता त्याच जातीची सूचना आली, आणि त्या यादीमुळे 'पुढे चला' हा निर्णय काही क्षणांत देता आला.

आपला अनुभवही असाच आहे. ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान २ चा विक्रम चंद्रावर आदळला. पुढच्या यानाची रचना करताना काय काय बिघडू शकेल, हाच प्रश्न आधी धरला गेला. उतरण्याची जागा विस्तारली, चाचण्या वाढविल्या. २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी चांद्रयान ३ अलगद उतरले.

वाचकहो, आमची मुले घरी मराठी बोलतात, शाळेत हिंदीत शिकतात आणि पुढे नागपूर-बंगळूरला इंग्रजीशी झुंजतात. कित्येक हुशार मुले तेथील पहिल्याच अपयशाने खचून परत आलेली मी पाहिली आहेत. त्यांना आम्ही रोज पाणी दिले होते, ताण कधी दिला नव्हता. यंदापासून नववीच्या वर्गात शनिवारचा एक तास सहजी न सुटणाऱ्या प्रश्नांसाठी राखला आहे. त्याला गुण नाहीत, लाल शाई नाही. पहिले दोन शनिवार मुले मुकाट बसून राहिली. तिसऱ्या शनिवारी मागच्या बाकावरची एक अबोल मुलगी आपणहून उठली आणि फळ्यावर चुकीचे उत्तर लिहून ते कोठे चुकले हे शोधत तास संपेपर्यंत तेथेच उभी राहिली.