खसरा, सुरमा आणि लस

२०१८च्या नोव्हेंबरात महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम सुरू झाली. ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांना लस द्यायची होती. आमच्या उर्दू शाळेत त्या दिवशी निम्मे बाक रिकामे होते. मोबाइलवर अफवा फिरत होत्या. एका आईने मला विचारलं, "सर, या सुईने नजर जाते म्हणतात. खरं का?"

असा प्रश्न विचारणाऱ्याला जाहिल म्हणून चालत नाही. लसीनंतर ताप येतो, पुरळ येतं, काही हजारांत एखाद्या मुलाला तापात झटका येतो आणि तो सहसा मागे काही ठेवत नाही. डोळ्याच्या नसेला सूज आल्याच्या नोंदीही आहेत, पण अगदी विरळ. त्यातल्या बहुतेकांची नजर बरीचशी परत येते.

आता तराजूचं दुसरं पारडं बघा. गोवर, म्हणजे आपल्या घरातला खसरा, थेट डोळ्यावर येतो. बुबुळ सुजतं, उजेड सहन होत नाही. म्हणून तर आजी मुलाला अंधाऱ्या खोलीत ठेवायची. अंगात 'अ' जीवनसत्त्व कमी असेल तर बुबुळावर जखम होऊन ते कायमचं पांढरं पडतं. त्यात सुरमा किंवा मध घातला तर आणखी नुकसान. हजारात साधारण एका रुग्णाच्या मेंदूला सूज येते.

शिक्षक म्हणून मला सर्वांत भीती वाटते ती एका दुर्मीळ आजाराची. गोवर बरा झाल्यावर सात-दहा वर्षांनी तो मेंदूत डोकं वर काढतो. पहिली खूण काय? मूल अभ्यासात मागे पडतं, विसरतं. आपण त्याला आळशी म्हणतो. मग झटके येतात, कधी नजर जाते आणि शेवट बहुधा मृत्यूच. दोन वर्षांच्या आत गोवर झालेल्यांना हा धोका जास्त. ९ महिन्यांखालच्या बाळाला नेहमीच्या वेळापत्रकात ही लस मिळत नाही. त्याची ढाल म्हणजे लस घेतलेली भावंडं.

२०२२मध्ये गोवंडी, भिवंडी, मालेगावात गोवर पसरला, मुलं दगावली. बहुतेक आपल्याच वस्त्यांतली.

तवक्कुल हवाच, पण उंट बांधून. दोन्ही डोस राहिले असतील तर आजच आरोग्य केंद्रात विचारा. गोवर निघालाच तर दुआ करा आणि डॉक्टरांकडून 'अ' जीवनसत्त्वाचे डोसही घ्या. सुरमेदानी मात्र कपाटातच राहू द्या.