लष्करच्या सराफ्यातून

ग्वाल्हेर, सराफा बाजार

ती. काकांस,


दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे शहर झाले. आजही त्या भागाला लष्करच म्हणतात. महाराज बाड्याजवळचा हा सराफा त्याच लष्करमधला. खाली काचेच्या कपाटांत दागिने, वर कोरीव दगडी झरोके. जुना दागिना मोडीत दिला की त्याच्या सोन्याचे वजन हाती येते, घडणावळ मात्र जाते. दिवंगत मित्रावर लिहिलेल्या बहुतेक मृत्युलेखांचे असेच होते. माणूस किती मोठा होता ते कळते, त्याने काय आणि कसे घडवले ते हरवते. कलावंत मित्र गेल्यावर त्याच्यासाठी करण्याजोगे पहिले काम म्हणजे त्याचे कागद लावणे, असे माझे ठाम मत आहे. गौरव नंतर करता येतो. हे पत्र त्याच मताच्या समर्थनासाठी आहे, आणि त्यासाठी ग्वाल्हेरइतके योग्य ठिकाण दुसरे नाही.

कारण हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध. त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा, श्योपूरचा. श्योपूर तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. इथून तिथपर्यंत दोन फूट रुंदीच्या रुळांवरून छोटी गाडी जायची, ती आता बंद आहे. घर मराठी, वडील संस्थानच्या पोलीस खात्यात. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले आणि ‘नवी मळवाट’चे कवी झाले, थोरल्याने हिंदी निवडली. १९४३ मध्ये अज्ञेयांनी सात तरुण कवींचे ‘तारसप्तक’ काढले, त्यात मुक्तिबोध होते, याच ग्वाल्हेरात जन्मलेले प्रभाकर माचवे होते आणि नेमिचंद्र जैनही होते. तिथून पुढे एकवीस वर्षे मुक्तिबोध लिहीत होते. शाळेतली, आकाशवाणीतली, नागपूरच्या ‘नया खून’ साप्ताहिकातली नोकरी आणि शेवटी राजनांदगावच्या महाविद्यालयातली प्राध्यापकी, हे सगळे करत ते लिहीत होते. दीर्घ कविता पुन्हा पुन्हा लिहून काढत होते. पण स्वतःचा एकही स्वतंत्र कवितासंग्रह त्यांनी छापलेला पाहिला नाही. १९६४ च्या आरंभी पक्षाघात झाला. मित्रांनी धावपळ करून आधी भोपाळला आणि मग दिल्लीला नेले, पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी लक्ष घातले, तरी ११ सप्टेंबरला ते गेले. वय अवघे ४६.

त्याच वर्षी ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा त्यांचा पहिला संग्रह भारतीय ज्ञानपीठाने काढला. संकलनासाठी श्रीकांत वर्मा झटले, प्रस्तावना शमशेर बहादुर सिंहांनी लिहिली. ‘अँधेरे में’ ही कविता हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात नोव्हेंबरमध्ये आली, म्हणजे कवी गेल्यानंतर. आज हिंदीत मुक्तिबोधांना वगळून आधुनिक कवितेविषयी बोलता येत नाही. मित्रांनी त्या वेळी नुसते शोकसभेत बोलून घरची वाट धरली असती तर हे चित्र कसे असते, याचा विचार करून पाहा.

आपल्याकडेही असे घडले आहे. केशवसुत १९०५ मध्ये वारले. त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आणल्या त्या हरि नारायण आपट्यांनी, १९१७ साली. आपटे तेव्हा मराठीतले सर्वांत मोठे कादंबरीकार होते, त्यांच्या स्वतःच्या कामाला तोटा नव्हता. तरी त्यांनी दुसऱ्याच्या कविता गोळा केल्या. ते काम मला त्यांच्या कादंबऱ्यांच्या तोडीचे वाटते.

ग्वाल्हेर, रात्री

आता तुम्ही घ्याल ते आक्षेप. पहिला असा, की ज्या कवीचे स्वतःचेच समाधान होत नव्हते, त्याच्या कविता त्याच्या संमतीची वाट न पाहता छापणे हा मैत्रीचा गैरवापर नव्हे काय? आक्षेप खरा आहे. मुक्तिबोधांनी अजून दहा वर्षे फेरफार केले असते, हे मान्य. पण समोरचे पर्याय पाहा. एकीकडे कविता अपुऱ्या अवस्थेत छापणे, दुसरीकडे ट्रंकेत ठेवून देणे. कवीच्या हातची अंतिम प्रत हा तिसरा पर्याय मृत्यूने काढून घेतला होता. छापलेली अपुरी कविता पुढचा संपादक सुधारू शकतो. वाळवी लागलेली कविता कोणालाच परत आणता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मित्र पक्षपाती असतो. तो दोष झाकेल, देव्हारा उभारेल. या धोक्याची साक्ष मुक्तिबोधांच्याच बाबतीत मिळते. विडी ओढतानाचा त्यांचा तो कृश चेहरा इतका प्रसिद्ध झाला की न वाचताही ते अनेकांना परिचित आहेत. हुतात्म्याची प्रतिमा कवितेपेक्षा सोपी असते. पण हा देव्हारा उभा राहतो तो गौरवाच्या भाषणांतून, हस्तलिखितांच्या कामातून नव्हे. नेमिचंद्र जैनांनी १९८० मध्ये सहा खंडांत ‘मुक्तिबोध रचनावली’ संपादित केली. कविता, कथा, समीक्षा, राजकीय लेख, पत्रे, सगळे त्यात घातले आणि कवितांचा कालक्रम लावण्याचा खटाटोप केला. कालक्रम लावला की कवीच्या कच्च्या, अनुकरणाच्या कविताही पक्व कवितांच्या शेजारी उभ्या राहतात. प्रतिमा जपू पाहणारा माणूस एवढे उघडे करणार नाही. हस्तलिखितापुढे बसलेल्या संपादकाला प्रेमाने आंधळे होण्याची फारशी सोय नसते, कारण प्रत्येक ओळीला पुरावा लागतो.

इथे तुम्ही म्हणाल, मग हे काम एखाद्या त्रयस्थ अभ्यासकाने का करू नये? जरूर करावे, पण त्याला वीस-तीस वर्षांनी सवड होईल, आणि तोवर कुटुंबाची घरे बदललेली असतात. शिवाय कोणती कविता कोणत्या नोकरीच्या काळातली, कोणत्या मसुद्यानंतर कोणता आला, हे त्या काळी कवीशी बोललेल्यालाच चटकन उमगते. नेमिचंद्रांपाशी तर पत्रे होती. मुक्तिबोधांचा आणि त्यांचा पत्रव्यवहार पुढे ‘पाया पत्र तुम्हारा’ या नावाने पुस्तकरूपाने आला. त्यात नोकरीची विवंचना आहे, पैशांची ओढाताण आहे, वैचारिक तगमग आहे. खासगी पत्रे छापू नयेत, या मताचा मी एरवी आदर करतो. पण या पत्रांतला माणूस विडीच्या फोटोतल्या माणसाहून पुष्कळ अस्वस्थ, गरजू आणि म्हणून खरा आहे. नेमिचंद्रांना स्वतःच्या नावाची ऊब हवी असती तर त्यांनी आठवणींचे एखादे रसाळ पुस्तक लिहिले असते, ते लोकांनी हातोहात घेतले असते. त्यांनी आपल्या मित्राला मित्राच्याच अक्षरांत वाचकांपुढे ठेवले.

आपल्या मंडळातल्या ज्या लेखकाची वर्षश्राद्धाला सभा ठरते आहे, तिच्या खर्चातून त्यांच्या वह्यांची नीट यादी करून घ्यावी आणि सर्व पानांच्या प्रती काढून दोन ठिकाणी ठेवाव्यात, अशी माझी विनंती समितीपुढे मांडा. हार-तुरे, सत्कार पुढच्या वर्षीही होतील. वह्या सध्या त्यांच्या घरी माळ्यावर आहेत, आणि जूनमध्ये पाऊस येतो आहे.

आपला,
पुतण्या