बेअर ब्रायंट आणि मागे राहिलेला संघ

१९५७ च्या नोव्हेंबरात टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचा फुटबॉल संघ आठपैकी आठ सामने जिंकून देशात पहिल्या क्रमांकावर होता. त्याच सुमारास बातमी फुटली की, प्रशिक्षक पॉल ‘बेअर’ ब्रायंट संघ सोडून अलाबामा विद्यापीठाकडे निघाले आहेत. राइस विद्यापीठाविरुद्धचा पुढचा सामना ७-६ असा हातचा गेला. मग टेक्सासविरुद्ध ९-७ आणि शेवटी गेटर बोलमध्ये टेनेसीविरुद्ध ३-० अशी हार झाली. तीन पराभव, आणि तिन्हींचे अंतर मिळून अवघे सहा गुण.

नोंदवहीत हे तिन्ही पराभव ब्रायंट यांच्याच नावावर आहेत. पण विद्यापीठ बदलणाऱ्या प्रशिक्षकाचे यश मोजताना ते सहसा कोणी मोजत नाही. हा थ्रेड त्या मोजणीविषयी आहे.

आधी थोडा खुलासा. हा फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा अमेरिकी खेळ. तेथे विद्यापीठांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी लोटते आणि प्रशिक्षक हा राज्यातील बड्या असामींपैकी एक असतो. खेळाडू मात्र विद्यार्थी. त्या काळच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळता येत नसे. म्हणजे नवा प्रशिक्षक आला, तरी सुरुवातीला मैदानावर उतरत ती आधीच्या माणसाने निवडलेली मुले. पहिल्या हंगामाच्या आकड्यांवरून निकाल देणे म्हणूनच उतावीळपणाचे.

मेरिलँडमध्ये एकच हंगाम काढून ब्रायंट १९४६ साली केंटकीला गेले. हे राज्य बास्केटबॉलवेडे. अ‍ॅडॉल्फ रप या प्रशिक्षकाचा तेथे दबदबा. अशा ठिकाणी आठ हंगामांत ब्रायंट यांनी ६० सामने जिंकले, २३ हरले, ५ बरोबरीत सोडवले. १९५० साली साउथईस्टर्न कॉन्फरन्सचे विजेतेपद मिळवले आणि त्यानंतरच्या शुगर बोलमध्ये ओक्लाहोमाची सलग ३१ विजयांची मालिका १३-७ अशी खंडित केली. केंटकीला त्या विजेतेपदात पुन्हा वाटा मिळाला तो थेट १९७६ साली, तोही विभागून. ब्रायंट यांची खरी अवघड कामगिरी शोधायची, तर ती बहुधा येथेच सापडेल. आणि आज सर्वांत कमी आठवते तीही हीच.

१९५४ साली ते टेक्सास ए अँड एमला आले. त्या सप्टेंबरात त्यांनी शंभराच्या आसपास मुले बसगाड्यांत घालून जंक्शन नावाच्या गावी सरावाला नेली. टेक्सासात वर्षानुवर्षांचा दुष्काळ, मैदान खडकाळ आणि काटेरी, ऊन असह्य. सरावादरम्यान पाणी पिण्याचीही मुभा नव्हती. दहा दिवसांत मुले एकामागून एक पळ काढू लागली. परतले ते जेमतेम तीस-पस्तीस जण. या प्रसंगावर पुढे ‘पोलादी माणसे घडवणारी शाळा’ अशी दंतकथा रचली गेली. वस्तुतः हा जिवाशी खेळ होता. त्या वर्षीचा निकालही बोलका आहे: एक विजय, नऊ पराभव. ब्रायंट यांच्या ३८ हंगामांतला विजयांहून पराभव जास्त असलेला हा एकमेव हंगाम.

दोनच वर्षांनी, १९५६ साली, हा संघ अपराजित राहून साउथवेस्ट कॉन्फरन्सचा विजेता ठरला. परंतु खेळाडूंच्या भरतीतील गैरप्रकारांबद्दल विद्यापीठावर कारवाई झालेली असल्यामुळे त्याला हंगामाअखेरच्या बोल सामन्याला मुकावे लागले. यश प्रशिक्षकाच्या खात्यावर जमा होत असेल, तर हा दंडही त्याच खात्यावर पडायला हवा.

मग अलाबामा, म्हणजे ब्रायंट स्वतः जेथे शिकले आणि खेळले ते विद्यापीठ. आधीच्या तीन वर्षांत अलाबामाने एकूण चार सामने जिंकले होते. ब्रायंट यांनी पहिल्याच वर्षी पाच जिंकले. १९६१ साली राष्ट्रीय विजेतेपद आले आणि १९८२ साली निवृत्त होईपर्यंत अशी सहा विजेतेपदे जमली. मात्र तेव्हा ही विजेतेपदे मतदानाने ठरत. १९६४ साली मतदान आधी आटोपले आणि नंतर ऑरेंज बोलमध्ये अलाबामा टेक्सासकडून हरला. १९७३ चे विजेतेपदही शुगर बोलपूर्वीच्या मतदानातले. त्या सामन्यात नोत्र दामने अलाबामाला एका गुणाने हरवले.

याहून मोठी बाब अशी की, १९७० पर्यंतचे अलाबामाचे मुख्य संघ निव्वळ गोऱ्यांचे होते. त्या वर्षीच्या सप्टेंबरात बर्मिंगहॅममध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यांना ४२-२१ असे धुतले. सॅम कनिंगहॅम या कृष्णवर्णीय खेळाडूने त्या दिवशी १३५ यार्ड धाव घेतली. विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला अलाबामाने त्याआधीच शिष्यवृत्ती दिली होती, पण पहिल्या वर्षात असल्यामुळे तो खेळू शकत नव्हता. साठच्या दशकातील तीन विजेतेपदे वाचताना हे कुंपण विसरता येत नाही.

आज ही मोजणी आणखी गुंतागुंतीची झाली आहे, कारण खेळाडू प्रशिक्षकाच्या पाठोपाठ विद्यापीठ बदलू शकतात. डिऑन सँडर्स २०२२ च्या अखेरीस कोलोरॅडोला गेले, तेव्हा ट्रॅव्हिस हंटर हा खेळाडूही जॅक्सन स्टेटहून त्यांच्याबरोबर आला आणि २०२४ साली हाइझमन पुरस्काराचा मानकरी ठरला. कोलोरॅडोचे विजय मोजताना जॅक्सन स्टेटने काय गमावले, हेही विचारावे लागते.

तसाच प्रश्न टेक्सास ए अँड एमबद्दल विचारला, तर उत्तर कठोर आहे. १९५८ ते १९६६ अशी सलग नऊ वर्षे त्या संघाला एकाही हंगामात पराभवांपेक्षा अधिक विजय मिळवता आले नाहीत. ती रांग तोडली जीन स्टॉलिंग्ज यांनी. जंक्शनच्या उन्हात टिकलेल्या मुलांपैकी ते एक. पुढे अलाबामात ब्रायंट यांचे साहाय्यक झाले आणि २९ व्या वर्षी आपल्या जुन्या विद्यापीठाचे प्रशिक्षक म्हणून परतले. १९६७ चा हंगाम त्यांनी चार पराभवांनी सुरू केला आणि कॉन्फरन्सच्या विजेतेपदाने संपवला.

१ जानेवारी १९६८ रोजी कॉटन बोलमध्ये समोर अलाबामाच होता. स्टॉलिंग्ज यांच्या संघाने तो सामना २०-१६ असा जिंकला. खेळ संपल्यावर ब्रायंट मैदानात चालत गेले आणि आपल्याला हरवणाऱ्या त्या शिष्याला त्यांनी सर्वांसमक्ष उचलून घेतले.