उर्राकाच्या दिवसांतलं जेवण

२१ मार्च, शुक्रवार

काजू बागायतदारांच्या कर्जांची पाहणी माझ्याकडे आल्यापासून दुपारचं जेवण गोव्यात म्हापसा–दोडामार्ग रस्त्यावरच्या एका तावेर्नात, म्हणजे दारू मिळणाऱ्या खानावळीत, होतं. अस्नोड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच चिऱ्यांचं कौलारू घर. पुढे माडाच्या झापांचा मांडव, त्याखाली बाकं आणि कडेला करवंट्यांच्या निखाऱ्यांची चूल. मालकीणबाईंना सगळे आंटी म्हणतात. "बस बाब, नुस्तें येता," एवढं बोलून त्या आत वळतात. काय हवं हे विचारायची पद्धत नाही. सकाळी म्हापशाच्या बाजारात जे मिळालं, ते ताटात.

आमच्या सावंतवाडीकडे बार म्हटलं की काळ्या काचा, जड पडदा, आणि आत ओळखीचं कोणी दिसलं तर मान फिरवणं. इथे सगळं उघड्यावर. शाळा सुटलेली पोरगी डबा घेऊन माशांचं हुमण न्यायला येते, दोघी म्हाताऱ्या शीत-कोडी, म्हणजे भात-कालवण, जेवत असतात, आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर कुणाचा तरी ग्लास असतो. कुणी कुणापासून लपत नाही, म्हणूनच कुणी ताळही सोडत नाही, असं माझं मत होत चाललंय.

कोपऱ्यातल्या बाकावर तारवटी बसतो. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर खलाशांचं जेवण रांधण्यात गेली. सध्या कॅथलिकांचा उपासकाळ आहे आणि त्याने ईस्टरपर्यंत दारू सोडली आहे. पण जागा सोडलेली नाही. लिंबूसोडा समोर ठेवून तो तासभर बसतो, दुसऱ्यांचे ग्लास स्वतः उठून भरतो, आणि चुलीवरचा बांगडा कधी परतायचा ते आंटींना तिथूनच सांगतो. त्या ऐकतात!

२६ मार्च, बुधवार

उर्राक आला. सत्तरी तालुक्याच्या बाजूने कुणी कॅन आणून ठेवला आणि मांडवात लग्नघरासारखी गडबड उडाली. प्रत्येकाला आधी वास घ्यायचा होता. ग्लासात उर्राक, वर लिम्का, मिठाची चिमूट, उभी चिरलेली हिरवी मिरची. मार्च ते मे एवढाच याचा मोसम, कारण तो टिकत नाही. काजूच्या आंबवलेल्या रसाचं पहिलं ऊर्ध्वपातन म्हणजे उर्राक, साधारण १५ टक्क्यांच्या आसपासचा. तोच पुन्हा भट्टीवर चढवला की ४२–४३ टक्क्यांची फेणी, ती मात्र वर्षानुवर्षं राहते.

मराठी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर पीत नाहीत. त्यांच्यासमोर सोलकढी आणि वर्तमानपत्र. पण या विषयावर शेवटचा शब्द त्यांचाच. काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं, २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं, हे त्यांनी आज माझ्यासाठी पुन्हा सांगितलं. बाकीचे आदराने गप्प बसले.

११ एप्रिल, शुक्रवार

जेवणाआधी काजूच्या दारूची भाटी पाहिली. डोंगरउतारावर झाडाखाली गळून पडलेली बोंडंच तेवढी वेचायची, तोडायची नाहीत. बी पिरगळून वेगळी केली की बोंडं कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, जातात; तिथे माणसं पायांनी तुडवतात. उरलेला चोथा रचून त्यावर दगड ठेवला की थेंब थेंब जो गळतो तो नीरो. मी ओंजळीत घेऊन प्यायलो. गोड, आणि मागाहून जीभ ओढणारा. रस तीनेक दिवस आंबला की तांब्याच्या भांणात, म्हणजे भट्टीच्या भांड्यात.

परतताना सारखं मनात येत होतं: हद्दीपलीकडे दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ला इथेही हेच झाड, हाच डोंगर. वेंगुर्ल्याच्या काजूला मान आहे, पण तो बीला. बोंडू झाडाखाली कुजतो आणि आम्हाला त्या वासाचीही सवय झालेली आहे. इतकं फळ वाया जाताना पाहून मला फार वाईट वाटतं. दारूच करा असं नाही. सरबत, सिरप, काहीही. पण त्या फळाकडे कुणी बघायला तर हवं.

१८ एप्रिल

गुड फ्रायडे. बंद.

२१ एप्रिल, सोमवार

तारवट्याने ईस्टरनंतरचा पहिला ग्लास घेतला. सगळ्यांनी जेवण थांबवून पाहिलं. त्याने एक घोट घेतला, मान डोलावली आणि म्हणाला, "बरो आसा." मग निखाऱ्यांवर चोरीस सॉसेजची माळ चढली, चरबी टपटपायला लागली आणि मांडवभर धूर.

आज आंटींनी बांगडा कसा भरतात ते जवळ बसवून दाखवलं. कण्याच्या दोन्ही बाजूंनी सुरी शेपटीपर्यंत फिरवायची, तळ सोडायचा, म्हणजे दोन खिसे होतात. त्यात रेशाद: लाल मिरची, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, सगळं माडाच्या व्हिनेगरात वाटलेलं. पाणी थेंबभरही नाही. व्हिनेगर ज्याचं, तो माडी काढणारा रेंदेर समोरच्याच बाकावर जेवत होता. अजून रोज माडावर चढतो, कमरेला काती, सोबत सुराचं मडकं. त्याचे दोन्ही मुलगे परदेशी आहेत. त्याच्यानंतर हे व्हिनेगर कुठून, असं मी विचारलं तेव्हा आंटींनी त्याच्या ताटात आणखी एक बांगडा वाढला आणि मला उत्तर दिलं नाही.

१० मे, शनिवार

दोन गाड्या भरून तरुण पाहुणे आले. स्पीकर लावला. मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. आंटी बाहेर आल्या आणि हात पुसत म्हणाल्या, आधी जेवा, गाणं मग. मुलं गुमान जेवली, दुसऱ्यांदा हुमण मागितलं, आणि स्पीकर कुणालाच आठवला नाही.

ही जागा भाड्याने मागायला माणसं येतात, हे आज कळलं. रस्त्यालगत आहे, कॅफे चालेल म्हणतात. मला ते अजिबात नको आहे. कॅफे कुठेही निघेल. पण रेंदेर, तारवटी, मास्तर आणि कदंब बसचा कंडक्टर एकाच बाकावर ताट घेऊन बसतात, अशी जागा कुणाला नव्याने उभारता येणार नाही.

२२ मे, गुरुवार

पाऊस लवकर कोसळला. झाडांवर उरलेली बोंडं भिजून फुटली, भाट्या विझल्या. कॅनच्या तळाचा उर्राक सगळ्यांत वाटून घेतला. मला शेवटचा अर्धा ग्लास मिळाला.

२ जून, सोमवार

कालपासून मासेमारी बंदी, ३१ जुलैपर्यंत. ताटात निखाऱ्यांवर भाजलेला खारा बांगडा, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर आणि गरम शीत. झापांचा मांडव उतरवून ताडपत्री लावली आहे. तांब्याच्या भांणाची फेणी चांगली की नळीच्या भट्टीची, यावर तारवटी आणि कंडक्टर भांडत होते, मास्तर दोघांनाही चूक ठरवत होते. आंटींनी रेंदेराच्या व्हिनेगरात पावसाळाभर पुरेल एवढा रेशाद वाटून बरण्या भरल्या आहेत. ऑगस्टात बोटी सुटल्या की पहिला बांगडा खायला ये, असं त्यांनी मला बजावून सांगितलंय.