अब्बांच्या कॅसेटी आणि तुटणारा आवाज

आमच्या सातारा-सांगली भागातल्या बऱ्याच मुसलमान घरांत एक पत्र्याची ट्रंक असते. तिच्यात निकाहनामा, जुने पासपोर्ट, सातबाऱ्याचे उतारे, आणि तळाशी रबर लावून ठेवलेल्या कॅसेटी. या कॅसेटी गाण्यांच्या नसतात. घरचा माणूस आखातात कामाला असताना त्यानं तिथून भरून पाठवलेली ती पत्रंच म्हणायची. फोनचा खर्च परवडत नव्हता. मग सुट्टीवर येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून, साबण आणि अत्तराच्या बाटलीसोबत एक कॅसेट यायची. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली कॅसेट पहिल्यांदा जगापुढे आणली. पुढे ती साताऱ्यातल्या बायकांची डाकपेटी होईल, हे ती बनवणाऱ्यांना कुठून सुचणार!

आमच्या घरी कॅसेटीला आणखी एक कारण होतं. अब्बा मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, अम्मी उर्दू शाळेत. अब्बांनी पत्र लिहिलं तर ते मराठीत असायचं आणि ते वाचून घ्यायला अम्मीला शेजारच्या मुलाला बोलवावं लागायचं. तिचं उत्तर उर्दूत गेलं की तिकडे अब्बांना खोलीतला एखादा उत्तर प्रदेशचा सोबती शोधावा लागायचा. नवरा-बायकोच्या बोलण्यात दरवेळी तिसरं माणूस! कॅसेटीनं हा प्रश्न सोडवला. बोलायची भाषा दोघांची एकच होती, आमची दख्खनी, जिच्यात निम्मे शब्द मराठीचे.

अब्बा १९९३ ते २००१ दम्मामला वायरमन होते. २०१२ मध्ये ते गेले. मागे उरल्या अकरा कॅसेटी. त्यांच्या आवाजाचं दुसरं काहीच आमच्याकडे नाही.

या कॅसेटींची काळजी मला खरी लागली ती २०१९ च्या महापुरानंतर. त्या ऑगस्टमध्ये सांगलीत इर्विन पुलापाशी कृष्णेनं सत्तावन्न फुटांची पातळी ओलांडली. खालाच्या घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर तिची ट्रंक उघडली, तेव्हा खालूंच्या कॅसेटी गाळानं भरलेल्या होत्या. आमची ट्रंक साताऱ्यात, म्हणून वाचली. पण पूर नसला तरी टेप म्हातारी होतेच. साठ मिनिटांच्या कॅसेटीत सुमारे नव्वद मीटर लांबीची प्लास्टिकची पट्टी असते, तिच्यावर लोहाच्या संयुगाचा पातळ थर. आवाज असतो तो त्या थरात, चुंबकाच्या रूपात. दमट हवेनं थर सुटतो, बुरशी धरते, आणि टेप वाजवावी तितकी ती झिजते. म्हणून आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, असं ठरवलं. सवड मिळेपर्यंत २०२४ चा मे उजाडला.

सातारा माझं माहेर, मिरज सासर. मिरजेजवळच एका उर्दू शाळेत मी शिकवते. घरी प्रश्नपत्रिका टाइप करण्यासाठी घेतलेला सेकंडहँड कॉम्प्युटर होता. अम्मी सुट्टीत माझ्याकडे येताना जुना टू-इन-वन आणि कॅसेटी घेऊन आली. टू-इन-वनच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर कॉम्प्युटरच्या मागच्या निळ्या भोकात घातली. गुलाबी भोक माइकचं असतं. ते आवाज आणखी मोठा करतं, आणि टेपचा मुळात मोठा असलेला आवाज तिथं फाटतो. ऑडासिटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर घेतलं. २००० सालापासून ते लोक वापरत आलेत. पहिली कॅसेट लावली, १९९५ ची.

भरून झाल्यावर ऐकायला बसलो, तर अब्बांचा आवाज तुटत होता. चालत्या बोलण्यातून अक्षरं गळत होती. एका ठिकाणी ते अम्मीला म्हणतात, “बांगड्या मोड...” आणि पुढचं काही नाही. मग, “मोडी बी तो मेरेकू बोल...” पुन्हा काही नाही. मोड म्हणाले की मोड नको म्हणाले? त्या वर्षी घराच्या छपराचं काम निघालं होतं आणि अम्मीनं बांगड्या मोडल्या होत्या. ती गप्प बसून राहिली. नंतर म्हणाली, “नको बोले थे. मेरेकू याद है.” पण तिच्या चेहऱ्यावरून मला ती खात्री वाटली नाही. ‘नको’ हा शब्द मराठीकडून आमच्या बोलीत आला आणि आमचाच होऊन राहिला. उच्चारायला पाव सेकंद लागतो. तेवढ्यात होकाराचा नकार होतो.

दुरुस्तीच्या दुकानात विचारलं. दुकानदारानं न बघताच सांगितलं, “साउंड कार्ड गेलंय. आता नवीनच घ्या.” नवीन घेण्याची ऐपत त्या महिन्यात नव्हती, आणि न तपासता दिलेला निकाल मला पटतही नाही. बी.एड.ला आम्हाला नैदानिक चाचणी शिकवतात. मूल गणितात मागे पडलं, तर ‘गणित कच्चं’ असा शेरा मारून सोडायचं नाही. पाढा चुकतो, हातचा विसरतो की प्रश्नच वाचता येत नाही, ते आधी शोधायचं. उपचारात्मक अध्यापन त्यानंतर. मी ठरवलं, कॉम्प्युटरला याच पद्धतीनं तपासायचं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं.

पहिला प्रश्न असा की दोष टेपमध्ये आहे की मशीनमध्ये? याचं उत्तर एका कानानं दिलं. मिरज हे तंतुवाद्यांचं गाव. इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला त्याच वर्षी भौगोलिक मानांकन मिळालं होतं. आमच्या ओळखीचे एक सतारमेकर चाचा आहेत. घोडीवर जवारी काढण्यात त्यांचा जन्म गेला. घासण्यात केसभर फरक पडला तरी त्यांना ऐकू येतो. त्यांनी डोळे मिटून दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, “बेटी, ये टेप का ऐब नै. टेप थकती है, डूबती है. ऐसी कटती नै.”

हे वाक्य मी वहीत जसंच्या तसं उतरवलं. टेपचा थर झिजला की आवाज मंद होतो, दबतो. पट्टी एकसारखी सरकत नसेल तर आवाज लहरतो. कात्रीनं कापल्यासारखा तुटतो तो बहुधा कॉम्प्युटरमध्येच.

दुसरा प्रश्न म्हणजे तो भरताना तुटला की वाजवताना? हे तपासणं सोपं आहे. तीच फाइल तीन वेळा ऐकायची. दरवेळी वेगळ्या जागी तुटत असेल, तर फाइल शाबूत आहे, बिघाड वाजवण्यात आहे. दरवेळी त्याच जागी तुटत असेल, तर ती भरतानाच तुटलेली आहे. आमची फाइल त्याच जागी तुटत होती, पेनड्राइव्हवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर वाजवली तरीही. पडद्यावर आवाजाची लाट मोठी करून पाहिली, तर तुटलेल्या जागी कुठे सपाट रेघ, कुठे लाट मध्येच कापून पुढची चिकटवल्यासारखी. म्हणजे टेप पुन्हा वाजवावी लागणार होती. पण दोष सापडेपर्यंत अब्बांच्या कॅसेटीला हात लावायचा नाही, असं ठरवलं आणि बाजारातली फिल्मी गाण्यांची एक जुनी कॅसेट चाचणीसाठी घेतली. पाच मिनिटं भरली. सदतीस ठिकाणी तुटली.

आवाज का तुटतो, हे मला नळाच्या पाण्यावरून समजलं. कॉम्प्युटर आवाज सलग घेत नाही. सीडीच्या दर्जानं घ्यायचा तर एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजमाप करून तो आकडे मांडतो. हे आकडे आधी एका छोट्या टाकीत साठतात, तिला बफर म्हणतात. मधूनमधून प्रोसेसर येतो आणि टाकी उपसून डिस्कवर नेतो. वाजवताना उलटं, प्रोसेसर टाकी भरतो आणि स्पीकर ती रिकामी करतो. प्रोसेसर दुसऱ्या कामात अडकून उशिरा आला, तर वाजवताना टाकी कोरडी पडते आणि भरताना ती ओसंडते. सांडलेलं पाणी परत गोळा होत नाही. टेप तर कुणासाठी थांबत नाही, ती सरकतच राहते. आमचा ‘नको’ असाच सांडला होता.

मग प्रोसेसरला कोण अडवतं? आधी वायर बदलली. सदतीसचे छत्तीस झाले, म्हणजे वायर निर्दोष. आवाज ‘सुधारण्याच्या’ ज्या सोयी साउंडच्या सेटिंगमध्ये असतात, त्या सगळ्या बंद केल्या. थोडा फरक पडला. टास्क मॅनेजर उघडला, तर डिस्क शंभर टक्के कामात. अँटिव्हायरस नेमका तेव्हाच सगळ्या फाइली तपासत होता. ते काम रात्रीवर टाकलं. सदतीसचे एकोणीस राहिले. मग वायफायची युएसबी पट्टी काढून ठेवली. एकोणीसचे चार! वर्गात एखादं मूल सारखं ‘मॅडम, मॅडम’ करत पदर धरून ठेवतं आणि मागच्या बाकावरच्या मुलांकडे लक्षच जात नाही, तसं हे. काही ड्रायव्हर प्रोसेसरला असे धरून ठेवतात. कोणता ड्रायव्हर किती वेळ धरतो ते दाखवणारं लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअरही मिळतं. शेवटी ऑडासिटीच्या सेटिंगमध्ये जाऊन टाकीच मोठी केली, १०० मिलिसेकंदांची ३००. चारचं शून्य झालं.

पण गाडी इथं संपली नाही. सलग अर्धा तास भरून पाहिलं, तर वीस मिनिटांनंतर आवाज पुन्हा तुटायला लागला. थंड असताना ठीक आणि तापल्यावर बिघाड, हे लक्षण वेगळं होतं. कॅबिनेटचं झाकण काढलं. प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या जाळीत धुळीचा नमदाच तयार झाला होता. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःचा वेग कमी करतो, आणि वेग कमी झाला की टाकी उपसायला उशीर. वर मे महिन्यातली मिरज! बटण बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशनं जाळी साफ केली. पुन्हा अर्धा तास भरलं. एकदाही तुटलं नाही. साउंड कार्ड होतं तिथंच होतं, धडधाकट.

त्यानंतरच अब्बांची १९९५ ची कॅसेट पुन्हा लावली. वाजवण्याआधी ती एकदा पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घेतली, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले पदर मोकळे होतात. टू-इन-वनचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. अम्मी खुर्ची ओढून बसली. अब्बांनी आधी सगळ्यांची खुशाली विचारली, मला पाढे म्हणायला सांगितलं, छपराच्या पत्र्यांचा हिशेब सांगितला. आणि मग, स्वच्छ, सलग आवाजात म्हणाले, “बांगड्या मोड नको.” थोडं थांबून, हसल्यासारखं, “मोडी बी तो मेरेकू बोल नको.”

अम्मी आधी हसली आणि मग पदर तोंडाला लावून बसली. तिच्या लक्षात पहिलंच वाक्य राहिलं होतं. एकोणतीस वर्षं ती स्वतःला नवऱ्याचं न ऐकणारी बायको समजत होती. दुसऱ्या वाक्यात त्यांनी तिला मोकळं केलं होतं, ते ती विसरूनच गेली होती.

वाचकहो, तुमच्याही ट्रंकेत अशा कॅसेटी असतील तर त्या वाट बघण्यासारख्या राहिलेल्या नाहीत. टेपरेकॉर्डर दुर्मीळ होत चाललेत, आणि ते दुरुस्त करणारे हात त्याहून दुर्मीळ. आवाज डब्ल्यूएव्ही फाइलमध्येच ठेवा. एमपीथ्रीमध्ये जागा वाचते, पण काही आवाज कायमचा गाळला जातो. एका चॅनलवर भरलं तर अर्ध्या तासाची एक बाजू सुमारे १५९ एमबी होते, एका साध्या पेनड्राइव्हवर सगळं घर मावेल. प्रती तीन करा आणि त्यातली एक दुसऱ्या गावी ठेवा, कारण पूर गावाला येतो. आमची एक प्रत साताऱ्यात भावाकडे आहे. आणि आवाज तुटला तर लगेच कॅसेटीला किंवा मशीनला निकालात काढू नका. आधी ऐका. कुठं तुटतो, कसा तुटतो, किती वेळानं तुटतो, ते वहीत लिहा. पुढची वाट तिथूनच सापडते.

खालाच्या गाळ भरलेल्या कॅसेटीही मी मागून आणल्या आहेत. चाचांच्या मदतीनं त्यातल्या एकीचं कवच उघडलं, पट्टी स्वच्छ पाण्यानं धुतली आणि सावलीत वाळवून नव्या कवचात बसवली. सुरुवातीची चार मिनिटं वाजली. आवाज दबलेला आहे, लहरतो, पण खालूंचा आहे हे खालानं पहिल्या शब्दाला ओळखलं. तिच्या आणखी सहा कॅसेटी धुवायच्या आहेत.